दहिवलीच्या ओटीवरचे पंच

मैत्रिणींनो, अविधवा नवमीचं जेवण आणि कबड्डीचा अंतिम सामना एकाच दिवशी, एकाच घरात आणि एकाच घटकेला आले, तर घरातल्या बायकांची काय धांदल उडेल याची कल्पना तुम्हीच करा. ७ ऑक्टोबर २०२३ च्या शनिवारी आमच्या दहिवलीच्या घरी नेमकं हेच झालं. आत कढईत वडे, बाहेर टीव्हीवर चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारत आणि इराण. वडे वेळेवर झाले. सामन्याचा निकाल मात्र तासभर कुणालाच लावता येईना!

त्या तासाभरात आमच्या ओटीवर जी मतं झडली, ती ऐकून घरी परतताना मी एक गोष्ट पदराला गाठ मारून आणली. तीच तुम्हाला सांगायची आहे. पण आधी दहिवलीला तर पोचू या.

बायकांच्या डब्यातले पंच

आमची दहिवली म्हणजे रायगड जिल्ह्यातली, कर्जतजवळची. माझी थोरली मावशी तिथे दिलेली. चार वर्षांपूर्वी ती सवाष्ण गेली. तेव्हापासून दर पितृपंधरवड्यात नवमीला दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावतो. आईही बरोबर येते. गुडघे कुरकुरतात, पण बहिणीच्या घरचा उंबरा तिला सुटत नाही.

डोंबिवलीहून सकाळची कर्जत लोकल धरली. या मार्गावरून तुम्ही कधी गेला नसाल, तर एकदा मुद्दाम जा आणि जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. बदलापूर सोडलं की चंदेरीचा सुळका दिसू लागतो, मग माथेरानची लांबच लांब भिंत. ऑक्टोबरचे पहिले दिवस म्हणजे भातशेतीचं रूप काय वर्णावं! हळवं भात पिवळं पडून कापणीला आलेलं, त्याच्याच शेजारी गरवं अजून हिरवंगार. मधूनच एखादा बगळा, आणि बांधावर कोळपून गेलेला तेरडा.

पण त्या दिवशी खिडकीबाहेर बघायला डब्यात कुणालाच वेळ नव्हता. एका मुलीच्या मोबाइलभोवती सगळ्या गोळा झालेल्या. गवार मोडणाऱ्या बाईंचे हात थांबलेले. आपल्या मुली चिनी तैपेईविरुद्ध अंतिम सामना खेळत होत्या. छातीत धडधड व्हावी असा सामना! शेवटी भारत २६, चिनी तैपेई २५. एका गुणानं सुवर्णपदक, आणि या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक. आपल्या पुण्याची स्नेहल शिंदे या संघात होती, म्हणून डब्यात जरा जास्तच ओरडा झाला. "शंभर झाली हो, शंभर!" असं गवारवाल्या बाई अशा थाटात म्हणाल्या, की पदकं त्यांनीच मोजून डब्यात भरली असावीत.

मग विषय निघाला पंचांचा. आठवड्याभरात वाद काय थोडे झाले होते! १ ऑक्टोबरला शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चीनच्या वू यान्नीनं बंदुकीच्या आधीच पाऊल टाकलं, आणि पंचांनी तिच्याबरोबर आपल्या ज्योती याराजीलाही बाद ठरवलं. ज्योती हटली नाही, तिथेच उभी राहून दाद मागत राहिली. दोघींनाही तात्पुरतं धावू दिलं, मग वू बाद झाली आणि ज्योतीला कांस्याऐवजी रौप्य मिळालं. ४ तारखेला नीरज चोप्राची पहिलीच भालाफेक यंत्राच्या घोटाळ्यामुळे मोजली गेली नाही. त्याला पुन्हा फेकावं लागलं. किशोर जेनाची एक फेक आधी चूक धरली आणि तक्रारीनंतर बरोबर ठरवली.

"मुद्दाम करतात हो! त्यांच्या घरचं कार्य, त्यांचेच पंच," एक बाई म्हणाल्या.

"मुद्दाम करायचं असतं तर शेवटी आपल्याला दिलं असतं का?" दुसरीनं विचारलं.

"आपण ओरडलो म्हणून दिलं."

"मग ओरडायला शिकलं पाहिजे," खिडकीतून आमची आई म्हणाली, आणि नेरळ येईपर्यंत अख्खा डबा हसत होता.

कर्जत आलं. स्टेशनावरचा बटाटेवडा हा इथला खरा मानकरी. पुण्याची गाडी घाट चढायच्या आधी इथे थांबते, मागून ढकलायला इंजिनं जोडतात, आणि तेवढ्या वेळात खिडक्यांतून हात बाहेर येतात. कित्येक वर्षांची ही रीत. आम्हाला मात्र त्या दिवशी घरचे वडे खायचे होते, म्हणून नुसत्या वासावर समाधान मानलं. रिक्षा केली, उल्हास नदीचा पूल ओलांडला आणि दहिवलीत शिरलो. पाऊस नुकताच सरलेला. नदीला पाणी होतं, पण आषाढातला तो गढूळ रुबाब उतरलेला. नव्या इमारती आणि 'आपलं हक्काचं दुसरं घर' असल्या पाट्या दर वर्षी वाढताहेत. तरी पूर्वेला सह्याद्रीची ती निळी रांग दिसली, की गाव ओळखीचं वाटतं.

कावळा, वडे आणि एक कागद

घरात शिरले तर वहिनी एका हातानं अळूची पानं पुसतेय, दुसऱ्या हातानं खीर ढवळतेय. खीर घरच्या तांदळाची. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रानं भाताच्या ज्या जाती काढल्या, त्यांतलं 'कर्जत-३' दादा दर वर्षी लावतो. मी पदर खोचला. अळूवडीच्या पिठात चिंच जरा सढळ हातानं घालायची बरं का, नाहीतर जेवणाऱ्यांचे घसे खाजतात आणि नाव सवाष्णीचं खराब होतं! उडदाचे वडे थापताना पिठात पाणी बेतानं, म्हणजे तेल पीत नाहीत. हे सगळं मावशीनंच शिकवलेलं.

माझी भाची, दादाची धाकटी, नववीत आहे. ती आमसुलाची चटणी वाटत होती आणि वाटता वाटता टाचा उचलून पुन्हा टेकवत होती. मी म्हटलं, "पायात काय झालंय गं?" तर वहिनी हळूच म्हणाली, "काही नाही वन्सं, चढाईचा सराव चाललाय. घरातच. बाहेर बंदी आहे ना!"

हकीकत अशी. आमचा रायगड कबड्डीचा जिल्हा. दिवाळी सरली की गावोगावी रात्री दिवे लावून सामने, आणि पोरं चालायला लागली की दम धरायला शिकतात. भाची शाळेच्या संघात. आदल्या वर्षीच्या आंतरशालेय सामन्यात ती गडी टिपून मध्यरेषेला शिवली, पण पंचांनी दम तुटला म्हणून तिला बाद दिलं. दादा मैदानात धावला, पंचांशी हुज्जत घातली आणि चार लोकांनी त्याला बाहेर नेलं. त्या रात्री त्यानं जाहीर केलं: "सगळे विकलेले आहेत. आमच्या पोरीला असल्या ठिकाणी पाठवायचं नाही." आता येत्या सोमवारी पुन्हा सामने होते, शाळेनं पालकांच्या सहीचा कागद पाठवला होता, आणि तो आठ दिवस टीव्हीच्या खाली तसाच पडून होता.

बारा वाजायच्या आत पान वाढून गच्चीवर ठेवलं. कावळा काही शिवेना. कौलावर बसून नुसता मान वाकडी करून बघतोय. काकू, म्हणजे मावशीची धाकटी जाऊ, लगेच म्हणाली, "जाऊबाईंचा जीव कशात तरी अडकलाय. त्या पोरीला पाठवतो म्हणून बोला कुणीतरी!" आमची आई करवादली: "काही नको. ताईला बोलायचं असतं तर तिनं तोंडावर सांगितलं असतं. कावळ्याच्या चोचीतून निरोप धाडणारी नव्हती ती." तेवढ्यात कावळ्यानं वडा उचलला आणि गेला. दादा म्हणाला, "चला, इथला निकाल तरी लवकर लागला." आणि ओटीवर जाऊन त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

राखीव जागेचं सोवळं

पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना सुरू झाला होता. या सामन्याला मागचा एक हिशेब होता. १९९० साली बीजिंगला आशियाई खेळांत कबड्डीची पदकं सुरू झाली, तेव्हापासून २०१४ पर्यंत प्रत्येक वेळी सुवर्ण आपलंच. २०१८ ला जकार्ताला मात्र इराणनं उपांत्य सामन्यात आपल्याला २७-१८ असं हरवलं. तेव्हा हांगझोऊला वचपा काढायचाच होता. संघात आपले महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे, कप्तान पवन सेहरावत. ओटीवर गर्दी जमली: काका, दादा, थोरला भाचा, शेजारची चार मंडळी. आम्ही बायका माजघराच्या दारात, हातात पोळपाट-लाटणं.

गंमत अशी की भाचीचा आवडता खेळाडू समोरच्या संघात! इराणचा फझल अत्राचली. तो आपल्या यू मुंबाचा आणि मग पुणेरी पलटणचा कप्तान होता, तेव्हापासून त्याचं चित्र तिच्या वहीवर. "आज वही कपाटात ठेव," थोरल्यानं तिला बजावलं.

शेवटचं मिनिट-दीड मिनिट उरलं. २८-२८. पवन चढाईला गेला. गडी टिपायच्या आतच त्याचा पाय बाजूच्या राखीव जागेत गेला, आणि त्याला धरायला इराणचे गडी त्याच्यामागे तिथेच गेले. झालं! इथून घोळ सुरू.

ज्यांना कबड्डी कळत नाही, त्या मैत्रिणींसाठी एवढंच सांगते. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा असतो, ती राखीव जागा. श्राद्धाच्या दिवशीचं सोवळ्याचं स्वयंपाकघर असतं ना, तसंच समजा. शिवाशिव होण्याआधी तिथे पाऊल टाकलं की बाद. एकदा शिवाशिव झाली, की सोवळं मोडलं. मग ती जागा सगळ्यांना मोकळी. इथे शिवाशिव झालीच नव्हती, तेव्हा पवन बाद, यात वाद नाही. प्रश्न होता त्याच्यामागे गेलेल्या इराणच्या गड्यांचा. जुन्या नियमानं तेही बाद, म्हणजे भारताला घसघशीत गुण. आपल्या प्रो कबड्डीत चालतो त्या नव्या नियमानं चढाई करणारा बाद झाला तिथेच खेळ थांबला, बाकीच्यांवर काही नाही. म्हणजे इराणला एक गुण आणि भारताला भोपळा.

पंचांनी एक निर्णय दिला, मग बदलला, मग पुन्हा बदलला. आधी इराणचे खेळाडू मॅटवर बसकण मारून बसले, मग आपले. सामना थांबला तो जवळजवळ तासभर थांबला.

एक खेळ, दोन पुस्तकं

वहिनी म्हणाली, "ते बसलेत, तर तुम्हीही बसा. पानं वाढते." आणि ओटीवरच पंगत मांडली. जेवता जेवता प्रत्येक जण पंच झाला.

दादा म्हणाला, "जुना नियम तो नियम. चार गडी बाद म्हणजे बाद."

थोरला भाचा म्हणाला, "पण बाबा, प्रो कबड्डी बघताना तुम्हीच म्हणता की नवा नियम बरा! इराणचं म्हणणं बरोबर आहे."

"गप बस. आधी देश."

शेजारचे एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आज सकाळी तिरंदाजीत नागपूरच्या ओजस देवतळेनं सुवर्ण घेतलं, साताऱ्याच्या अदिती स्वामीनं कांस्य. तिथे भांडण नाही. बाण कुठल्या वर्तुळात लागला, ते सगळ्यांना दिसतं. कबड्डीत माणूस माणसाला बघतो. तिथे घोळ व्हायचाच."

त्याच दिवशी आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या संघाला क्रिकेटचं सुवर्ण मिळालं, तेही पावसानं सामना धुऊन गेल्यावर. वरच्या मानांकनाचा संघ म्हणून पदक आपल्याला, अफगाणिस्तानला रौप्य. त्यावर आमच्या ओटीवर कुणी एक शब्द काढला नाही! निकाल आपल्या पारड्यात पडला की पंचांची आठवणही होत नाही.

मी मग शैलजा जैन यांची गोष्ट काढली. तुमच्यातल्या कित्येकींना ठाऊक नसेल. मुलांची कबड्डी आशियाई खेळांत १९९० ला आली, मुलींची यायला २०१० चं ग्वांगझू उजाडलं. तेव्हा आणि २०१४ ला सुवर्ण आपल्या मुलींचं. २०१८ ला जकार्ताला मात्र इराणच्या मुलींनी आपल्याला २७-२४ असं हरवलं. आणि त्या इराणी मुलींची प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजाताई! परक्या देशात जाऊन त्यांनी तिथली भाषा शिकून घेतली, मुलींना योगासनं-प्राणायाम शिकवला आणि सुवर्णपदक मिळवून दिलं, तेही आपल्याच देशाविरुद्ध.

"म्हणजे घरभेदीच की!" शेजारचे दुसरे गृहस्थ बोलून गेले.

काकूनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "का हो? माझं माहेर पलीकडच्या गावचं. मी तीस वर्षं या घरचे वडे तळले. उद्या दोन्ही गावांत स्वयंपाकाची स्पर्धा लागली आणि मी जिंकले, तर मी माहेराला दगा दिला असं म्हणाल? आम्हाला सासरी पाठवताना तर 'तिथलं नाव काढ' असं बजावता!"

ओटी गप्प झाली. काकूला उत्तर देणं सोपं नसतं.

पंचांची चर्चा पुन्हा सुरू झाली. तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. ऐंशीच्या घरातला माणूस, उभं आयुष्य गावच्या सामन्यांत सरपंच म्हणून शिट्टी वाजवलेली. ते म्हणाले, "पंच चुकला नाही रे. एका सामन्यात दोन पुस्तकं घेऊन उतरले, ती चूक. कुठलं पुस्तक धरायचं, ते खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवायचं असतं. मग निकाल कडू लागला तरी गिळता येतो."

वहिनी खीर वाढत होती. दादाच्या पानाशी आली आणि डाव हातात तसाच धरून, आवाज न चढवता म्हणाली, "दोन पुस्तकं तर या घरातही आहेत. थोरल्याला मागच्या मे महिन्यात खोटं पायचीत दिलं. तुम्ही म्हणालात, खेळात चालायचंच, पुढच्या रविवारी पुन्हा जा. हिला खोटं बाद दिलं, तर हिचा खेळच बंद."

मैत्रिणींनो, लग्नाला अठरा वर्षं झाली तिच्या. इतक्या माणसांत इतकं बोललेली मी तिला पहिल्यांदा पाहिली. दादा पानाकडे बघत राहिला. भाची दाराआड उभी होती. तिथूनच तिनं विचारलं, "बाबा, आता निकाल आपल्या विरुद्ध लागला, तर आपल्या संघानं पुन्हा कबड्डी खेळायचीच नाही का?"

अंगठ्याची फक्की

दादा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मला ताईचा सामना आठवला."

ही गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकत होते. आईचं माहेर खालापूरकडचं. दोघी बहिणी शाळेत हुतूतू खेळायच्या, परकराचा काचा मारून. साल १९६५ च्या आसपासचं. शेजारच्या गावच्या मुलींशी सामना, दोन्ही संघांचे गुण सारखे, आणि शेवटची चढाई मावशीची. ती गेली, एकीला शिवली, परत आली. पंचांनी हात वर केला. आईच्या संघानं नाचायला सुरुवात केली. आणि मावशी काय करते? हात वर करून सरळ बाहेर जाऊन बसते!

"शिवायच्या आधीच हिचा पाय रेषेबाहेर गेला होता म्हणे," आई सांगत होती. "पंचानं पाहिलं नव्हतं. समोरच्या मुलींनीही नाही. मी म्हटलं, 'अगं, कुणीच बघितलं नाही!' तर पाय पुढे करून म्हणाली, 'माझ्या अंगठ्याला फक्की लागलीय बघ. त्यानं बघितलं ना!' हरलो आम्ही एका गुणानं. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. आणि खरं सांगू? मला अजूनही वाटतं, पंचांनी दिलं होतं तर तिनं घ्यायला हवं होतं."

"मुळीच नाही," काका म्हणाले.

"तुम्ही तिचीच बाजू घेणार, भावजी."

"बाजू कसली? तो सामना बघायला मी आलो होतो. समोरच्या गावचा म्हणून. दुसऱ्या दिवशी घरी सांगितलं, मुलगी बघायला जायचं तर त्या घरी जाऊ."

काय सांगू तुम्हाला! दादाला, वहिनीला, कुणालाच हे ठाऊक नव्हतं. काका खीर संपवून हात धुवायला उठले, जणू काही विशेष बोललेच नाहीत. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि मग लगेच म्हणाली, "म्हणजे तिनं सामना हरला आणि नवरा जिंकला म्हणा की!" रडता रडता सगळ्या हसलो.

तेवढ्यात टीव्हीवर गलका झाला. शेवटचा निर्णय भारताच्या बाजूनं लागला होता. उरलेले क्षण खेळून झाले: भारत ३३, इराण २९. सुवर्ण! थोरल्यानं ओटीवरून अंगणात उडी मारली, शेजारच्यांनी टाळ्या पिटल्या. दादाही ओरडला, पण मग थोडा वेळ तसाच उभा राहिला. इराणचे खेळाडू मान खाली घालून उभे होते. "त्यांच्या ओटीवर आज काय बोलत असतील?" तो स्वतःशीच म्हणाला.

निघताना वहिनीनं माझी ओटी भरली. खण, नारळ आणि घरच्या तांदळाची ओंजळ. मी टीव्हीच्या खाली नजर टाकली. कागद तिथे नव्हता. तो भाचीच्या दप्तरात होता, आणि त्यावर सही होती. कुणाची, ते मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत डब्यात जागा मिळाली. आई झोपली आणि मी विचार करत बसले. मैत्रिणींनो, आपण घरात रोज पंचच असतो की. पोरांच्या भांडणात, जावाजावांच्या कुरबुरीत, कुणाला बाहेर सोडायचं आणि कुणाला नाही यात. आपली चूक होते, ती काही फार मोठी गोष्ट नाही. पंचही माणूसच. पण आपण कुठलं पुस्तक धरून बसलोय, आणि मुलासाठी एक नि मुलीसाठी दुसरं असं तर नाही ना, एवढं मात्र खेळ सुरू व्हायच्या आधी बघायला हवं.

सोमवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. मला नाही, आईला. संघ दुसऱ्या फेरीत हरला होता.

"आजी, मी एकदा हात वर करून बाहेर गेले," ती सांगत होती. "पंचांनी बघितलं नव्हतं. बाबा बाहेर बसले होते, त्यांनी कपाळाला हात लावला. पण ओरडले नाहीत."

"अगं, पण तुला कसं कळलं, पाय रेषेबाहेर गेला ते?" आईनं विचारलं. "अंगठ्याला फक्की लागली होती का?"

"नाही गं आजी. हल्ली मॅट असते, फक्की नसते."

"मग?"

"कळतं गं."

आईनं फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या नवमीला जरा लवकरची गाडी धरू. त्या पोरीला आमसुलाची चटणी नीट वाटता येत नाही, शिकवायला हवी. आणि चढाई कशी करते, तेही बघायचंय मला."